चाळीस ग्रॅम

चावडीहून सुटलेली कदंबा बस
गावडोंगरीत पोचली तेव्हा साडेनऊ वाजले होते
आणि धुकं सुपारीच्या शेंड्यांवरून
खाली उतरायला अजून तयार नव्हतं.
उतरणारा मी एकटाच. हातात सरकारी पेटी,
आत मखमलीत निजलेली पितळी वजनं,
दोन किलोपासून एका ग्रॅमपर्यंत,
कुटुंबाच्या फोटोत उभी करतात तशी, उंचीनुसार.

"परतीची एकची," कंडक्टर म्हणाला.
"चुकली तर साडेचारची."
मी म्हटलं, तासाभराचं काम आहे.

दरी लहानशी.
मध्ये वायंगणाची शेतं, रोपं बोटभर,
पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात
कुणाला न विचारता जाणारं.
बाजार म्हणजे चार दुकानं: रेशन, चहा, खतं-बियाणं,
आणि एक शिंप्याचं, ज्यात दिवा चालू, शिंपी नाही.
रेशनवाल्याचा काटा दोन ग्रॅम उपाशी निघाला.
जमीनच वाकडी आहे साहेब, तो म्हणाला.
मी पाहिलं. खरंच वाकडी होती.
इथे सगळंच तळपण नदीकडे उतरतं.

बसथांब्याच्या कठड्याला टेकून सुकांती वेळीप.
समोर गोणपाट, त्यावर कणगां,
मातीची, केसाळ,
झोपेतून ओढून काढल्यासारखी रुसलेली.
तराजू बांबूचा. एका पारड्यात कणगां,
दुसऱ्यात नदीतला काळा धोंडा.

"हें कितें?" मी कोकणीत विचारलं,
कारण मराठीत कायदा जरा जास्तच कडक वाटतो.
"अर्धो किलो."
"कोणें सांगलें?"
"धोंड्यान."

पेटी उघडली. पोरं जमली.
चहावाला गाळणं हातात घेऊन तसाच आला, थेंब गाळत.
पाचशेचं ठेवलं. धोंडा खाली बसलेला, उठेना.
वीसचं ठेवलं. जरासा हलला.
आणखी वीसचं.
तेव्हा कुठे दांडी सरळ.

सासूचा धोंडा, ती म्हणाली.
मी तिथेच वहीच्या पाठीवर हिशेब मांडला:
साठ वर्षं, हंगामाचे बारा आठवडे,
आठवड्याला दोन दिवस, दिवसाला चाळीस मापं.
खाली दोन टनांच्या वर आकडा आला.
दोन टन कणगां, कुणी न मागता,
पदरात, टोपलीत, शाळेच्या दप्तरात घालून
घरोघरी गेलेली.

नियमात जास्त देणं ही चूकच. कलम तेच.
"तूं चड दितां," मी म्हटलं. "चाळीस ग्रॅम."

ती धोंड्याकडे बघत राहिली,
शेजारणीबद्दल काही भलतंच ऐकल्यासारखी.
मग त्यावर अंगठा फिरवला.
मधोमध एक खळगा होता, बरोबर अंगठ्याएवढा,
तिच्या आणि तिच्या आधीच्या.
"झिजता न्हय तो," ती म्हणाली.
"मातशें रावात. येतलो पांचशेंक."

एकची बस माझ्या डोळ्यांदेखत गेली.
धुकं कधी उतरलं ते बघायचं राहून गेलं.
जप्तीची पावती मी निम्मी लिहिली होती,
वस्तूचे वर्णन: दगड, एक.
मालकाचे नाव या ओळीवर पेन थांबलं.
सुकांती? सासू? नदी?
कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला,
अजून तिथेच असावा, शर्ट धुतला नसेल तर.

अर्धा किलो घेतली मी.
धोंड्यानं मोजून.

साडेचारच्या बसला तोच कंडक्टर.
पेटी सीटखाली, पिशवी मांडीवर,
पिशवीतून माती गळून पॅंटवर आलेली.
त्यानं तिकीट फाडलं, पिशवीत डोकावला.
काम झालं का, हे त्यानं विचारलं नाही.
"सालीसकट उकडा," म्हणाला,
"आणि मीठ आधी घाला. मागून घातलं तर लागत नाही."